मैफल जमायला वेळ द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘लोकांचं आता कशातच लक्ष लागत नाही’, ‘रील बघून बघून डोकी बिघडली’, ‘दोन तासांचा कार्यक्रम कोण ऐकणार’ अशी वाक्यं गेल्या महिन्याभरात आपल्या पत्रांच्या सदरात मी तीन-चार वेळा वाचली आणि गप्प बसलो. पण मागच्या आठवड्यात हेच वाक्य एका बैठकीत माझ्यासमोर बोललं गेलं आणि त्याच्या आधारावर एका चांगल्या संगीत महोत्सवाचे तुकडे पाडायचं ठरलं. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. जागेअभावी कापावं लागलं तर जरूर कापा, फक्त कॅसेटचा भाग ठेवा, एवढी विनंती.

मी मिरजेचा. ध्वनिव्यवस्थेचं काम करतो. आमच्या भागात सरळ ‘स्पीकरवाला’ म्हणतात. वडिलांकडे दोन कर्णे, एक अॅम्प्लिफायर आणि एक बॅटरी होती. लग्नं, जत्रा आणि सप्ताह यांवर घर चालायचं. मी १९९१ पासून स्वतंत्रपणे काम करतो. प्रचारसभा, कॉलेजची गॅदरिंगं, नाटकं, कीर्तनं, शास्त्रीय गाण्याच्या बैठकी, सगळं केलं आहे. या सगळ्या कार्यक्रमांत माझी जागा एकच, मिक्सरमागे. म्हणजे शेवटच्या रांगेच्याही मागे. कलाकाराला लोकांचे चेहरे दिसतात, मला त्यांच्या पाठी दिसतात. कोण चुळबुळ करतोय, कोण चपला शोधतोय, कुणाच्या मांडीवर मोबाईलचा उजेड पडलाय, हे मागून जितकं दिसतं तितकं स्टेजवरून दिसत नाही. चौतीस वर्षं मी हेच बघत आलो आहे, म्हणून या विषयावर दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं.

तर त्या बैठकीबद्दल. महोत्सव तीन संध्याकाळींचा. आजवर एका संध्याकाळी दोन कलाकार असायचे, कधी तीन. या वर्षी समितीने कागद समोर ठेवला, त्यात एका संध्याकाळी पाच कलाकार आणि प्रत्येकाला पस्तीस मिनिटं. शिवाय कलाकाराला दिसेल असं मोठं डिजिटल घड्याळ स्टेजच्या पुढे ठेवायचं, त्याची वायर कुठून काढायची हे विचारायला मला बोलावलं होतं. मी विचारलं, पस्तीस का? तेव्हा समितीतल्या एका तरुण सभासदाने मोबाईलवरून वाचून दाखवलं की २००० साली माणसाचं लक्ष बारा सेकंद टिकायचं, आता ते आठ सेकंदांवर आलं आहे आणि गोल्डफिश माशाचं नऊ सेकंद टिकतं. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. वायर डावीकडून काढता येईल एवढं सांगून मी घरी आलो.

माझी मुलगी कोल्हापूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. तिला रात्री फोन करून हा आकडा सांगितला. तिला तो ऐकून माहीत होता. ती म्हणाली, “बाबा, हा आकडा २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या शाखेने जाहिरातदारांसाठी काढलेल्या एका अहवालात आला आणि तिथून जगभर गेला. पण तो त्यांनी स्वतः मोजलेला नव्हता, दुसऱ्याच एका वेबसाइटवरून उचललेला होता. २०१७ मध्ये बीबीसीच्या लोकांनी मुळाशी जायचा प्रयत्न केला तर त्यामागे कुठलंही संशोधन सापडलं नाही.” आणि गोल्डफिश? त्याच्यावर तर प्रयोग झालेले आहेत म्हणे, आणि शिकवलेली गोष्ट तो आठवडे-महिने लक्षात ठेवतो. म्हणजे माणसाचा आकडा खोटा आणि माशाचाही खोटा. त्यावर आमच्याकडे यमनसारखा राग पस्तीस मिनिटांत उरकायचं ठरतंय!

पण मुलीने एवढ्यावर सोडलं नाही. ती म्हणाली, काहीच बदललेलं नाही असंही समजू नका. कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठात ग्लोरिया मार्क नावाच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी ऑफिसात संगणकावर काम करणारी माणसं वर्षानुवर्षं मोजली. २००४ च्या सुमारास माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं थांबायचा, मग दुसरीकडे जायचा. अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांच्या आसपास आलं. हे मोजमाप खरं आहे, आणि माझ्या डोळ्यांसमोरच्या गोष्टींशी जुळणारंही आहे. मीही रात्री अंथरुणावर पडल्यावर एक बातमी धड पुरी वाचत नाही. अंगठा आपोआप वर सरकतो. पण यात काय मोजलं आहे ते नीट बघायला हवं. माणूस स्क्रीनपुढे एकटा बसलेला असताना किती वेळाने उडी मारतो, हे मोजलं आहे. तोच माणूस चारशे माणसांच्या मधोमध अंधारात बसला आणि समोर कुणी जीव लावून गात असलं तर काय करतो, हे त्यात मोजलेलं नाही. ते मला बघायला मिळतं.

आता कॅसेटचं सांगतो.

पूर्वी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी सी-९० कॅसेटवर करायचो. एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना बाजू संपली की हात कापायचे, कारण कॅसेट उलटून परत बटण दाबेपर्यंत नेमकी एखादी जागा निसटायची. आयोजकांच्या आणि कलाकारांच्या परवानगीने ठेवलेल्या अशा कॅसेट माझ्या माळ्यावर दोन पेट्या भरून आहेत. नंतर मिनीडिस्क आली, मग कॉम्प्युटर. आता गायकाचे, तबल्याचे, पेटीचे माइक वेगवेगळ्या चॅनलवर घेतो आणि दोन माइक हॉलकडे तोंड करून लावतो, दाद यावी म्हणून. त्या दोन माइकमध्ये फक्त लोक ऐकू येतात.

बैठकीहून आल्यावर मी तीन रात्री बसून जुन्या कॅसेट आणि नव्या फाइली शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या. गाणं सोडून फक्त लोक ऐकले. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की जुन्या काळी लोक मूर्तीसारखे बसायचे ही आपली समजूत खरी नाही. १९९३ च्या एका कॅसेटमध्ये एक गायिका बागेश्री राग गाताहेत आणि मागे लहान मूल रडतंय, कुणीतरी “अहो, सरका” म्हणतंय, कागदाच्या पुडीचा आवाज येतोय, खोकला तर विचारूच नका. त्या वेळी कुणाच्याही खिशात मोबाईल नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रत्येक मैफलीत, जुन्या काय आणि नव्या काय, एक क्षण असा येतो की हॉलचा आवाज बदलतो. खुर्च्यांची कुरकुर थांबते. खोकला येणारा माणूसही तो समेपर्यंत, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, धरून ठेवतो. पंख्याचा आवाज अचानक मोठा वाटायला लागतो. याला आपण मैफल जमली असं म्हणतो. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, अतिविलंबित लयीत जवळजवळ मिनिटभराचं होतं, त्यामुळे मला आवर्तनं मोजणं सोपं गेलं. जुन्या कॅसेटमध्ये हा क्षण साधारण सातव्या-आठव्या आवर्तनाला येतो. आताच्या फाइलींमध्ये तो पंधराव्या-सोळाव्याला येतो, कधी त्याच्याही पुढे. हे शास्त्र नाही, एका माणसाच्या कानाचा अंदाज आहे, पण तीन रात्री तो पुन्हा पुन्हा तसाच निघाला.

आणि एकदा तो क्षण आला की पुढे? पुढे काहीही फरक नाही. तासभर, सव्वा तास, फाइल तितकीच शांत आहे. एका ठिकाणी द्रुत, म्हणजे जलद लयीचा भाग, संपल्यावर गायिकेने तंबोरे परत मिळवायला घेतले, त्या दोन-अडीच मिनिटांत समोर काहीही चालू नव्हतं, तरी हॉलमध्ये कुणी बोललं नाही. जमलेली मैफल आजही मोडत नाही. ती जमायला मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

संपादक महाराज, मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाहेरून आलेला माणूस आता जास्त हलत्या मनाने आत येतो. पार्किंग, ट्रॅफिक, ऑफिसचे मेसेज, खिशात थरथरणारा फोन. त्याचं मन खाली बसायला वेळ लागतो. मग औषध काय? वेळ जास्त द्यायचा की कमी करायचा? पस्तीस मिनिटांच्या गाण्यात पहिली पंधरा-वीस मिनिटं मन स्थिर होण्यात गेली तर उरतं काय? जेमतेम सूर लागतोय तोवर निवेदिका माइकपाशी येऊन उभी राहणार, पुढच्या कलाकारासाठी तंबोरे वरखाली होणार, मी केबल बदलणार, आणि लोक परत फोन काढणार. मग पुन्हा पहिल्यापासून. असं पाचदा. रात्री घरी जाताना त्या रसिकाच्या हाती पाच अर्धवट सुरुवाती पडतील, आणि आपण म्हणू, बघा, लोकांचं लक्षच लागत नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे नीट ठाऊक होतं. माणूस आल्या आल्या ऐकायला लागत नाही हे धरूनच त्यांनी कार्यक्रम बांधले. नारदीय कीर्तनात आधी नमन, मग पूर्वरंगात निरूपण, मध्ये नामाचा गजर, आणि मग उत्तररंगात आख्यान. गोष्ट ऐकायला आलेल्या माणसाला बुवा पहिला तासभर गोष्ट सांगतच नाहीत. तमाशात गण झाला, गौळण झाली, बतावणी झाली की मग वग, म्हणजे मुख्य कथानाट्य. सिंधुदुर्गात दशावतारी रात्री आधी आडदशावतार करतात, गणपती येतो, संकासूर येतो, तोवर लोक घोंगड्या पसरून बसतात, पोरं झोपतात, आणि मग आख्यानाला तोंड फुटतं ते पहाटेपर्यंत. आमच्याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली नाटक उभं केलं, तेव्हाही आधी सूत्रधार, मग विदूषक, गणपती, मोरावर बसलेली सरस्वती, आणि त्यानंतर कथा. नाटकाच्या तीन घंटा आणि नांदीसुद्धा त्यातलीच. ख्यालगायकीत तर हे गाण्याच्या आतच आहे. विलंबितातली आलापी एका एका सुराने वर चढते, ती ऐकणाऱ्याला बरोबर घेऊन चढते. तिचा पहिला भाग कापून थेट तानांवर आणलं तर टाळ्या मिळतील, पण गाणं मिळणार नाही.

याच्या उलट आपण आता सुरुवातीला काय ठेवतो? दीपप्रज्वलन. काडी विझते, पुन्हा पेटवतात. प्रास्ताविक. पाहुण्यांची ओळख. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रायोजकांचा सत्कार, माजी अध्यक्षांचा सत्कार, हॉल देणाऱ्यांचा सत्कार. मग मनोगत. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात साडेसहाची वेळ छापलेली असताना पहिला षड्ज, म्हणजे गाण्याचा पहिला सा, लागला तो सात वाजून पन्नास मिनिटांनी. मी मागून बघत होतो. पावणेसातपर्यंत बहुतेकांचे हात मांडीवर होते. सात वाजता इथे-तिथे फोनचे उजेड दिसायला लागले. तिसऱ्या सत्काराला निम्मा हॉल उजळला होता. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी आधी फोन पर्समध्ये ठेवला होता, पाचव्या सत्काराला बाहेर काढला, आणि मग गाणं सुरू झाल्यावरही दहा मिनिटं तो त्यांच्या हातातच राहिला. त्या काकूंना फोनची सवय त्या संध्याकाळी आम्हीच लावली. आणि शेवटी, वेळ कमी पडला म्हणून, गायकाला चिठ्ठी गेली की आटोपतं घ्या.

हे सांगताना मला कुणाचा अपमान करायचा नाही. देणगीदार नसतील तर कार्यक्रम होत नाहीत, हे स्पीकरवाल्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण सत्कार शेवटी किंवा वेगळ्या दिवशी घेता येतात. गाणं वेगळ्या दिवशी घेता येत नाही.

अजून एक गोष्ट या चर्चेत कुणी बोलत नाही. कार्यक्रम लहान झाले, हे खरंच आहे. पण ते श्रोत्यांमुळे लहान झाले का? १९९४ च्या डिसेंबरात मी वडिलांच्या एका मित्राबरोबर पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो होतो. तेव्हा तो रमणबागेत रात्रभर चालायचा. लोक गोधड्या, थर्मास, मुरमुऱ्यांचे डबे घेऊन आलेले. मागच्या बाजूला कितीतरी जण शाल पांघरून सरळ झोपलेले होते, पहाटेचा राग सुरू झाला की उठून बसत. शेवटी पंडित भीमसेन जोशी गायले आणि सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. तबकडी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रात्रभर जागलेलं मैदान ती ऐकत थांबलं.

तो रात्रभराचा महोत्सव पुढे दुपार-संध्याकाळवर आला. कारण लोक कंटाळले असं नाही. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक केले. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते, तेवढीच. नियम योग्य आहे असं मी स्वतः मानतो. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि आजारी माणसाला झोप हवी. पण त्याचा परिणाम असा झाला की उघड्यावरच्या मोठ्या महोत्सवांतून उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग जवळजवळ गेले. दरबारी, मालकंस अजून कसेबसे दहाच्या आत बसवतात, पण ललित, भैरव, तोडी ऐकायचे तर सकाळचा वेगळा कार्यक्रम ठेवावा लागतो. याचा दोष श्रोत्यांच्या माथी कशाला? हॉलचं भाडं तीन तासांच्या सत्रावर असतं. सांगलीहून खेड्यात जाणारी शेवटची एस.टी. ठरावीक वेळेला सुटते. ही सगळी कात्री बाहेरून लागलेली आहे.

आणि लांबी म्हणाल तर, ती पूर्वीही सगळीकडे सारखी नव्हती. आमच्या मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उरुसात तिथे चिंचेच्या झाडाखाली अजून गाणं होतं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. खाँसाहेब बैठकीत तासन्‌तास गायचे आणि त्याच खाँसाहेबांच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या तीन मिनिटांत संपायच्या, कारण तबकडीत तेवढंच मावायचं. लोकांनी दोन्ही ऐकलं. भैरवीची तबकडी दहादा लावून ऐकणारा माणूस बैठकीत दोन तास बसेनासा झाला, असं माझ्या आजोबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तबकडी ऐकून गोडी लागलेले लोक उलट बैठकीला यायचे.

आज रीलचं तेच होताना मला दिसतं. एका गावात सप्ताहाला माझा सेट असतो. मोबाईलवर कीर्तनाचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे दिवसभर बघणारी कॉलेजची पोरं संध्याकाळी टाळ घेऊन दोन तास उभी राहतात, पाय न हलवता. माझ्याबरोबर काम करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. टेम्पोत बसल्यापासून उतरेपर्यंत त्याचा अंगठा थांबत नाही. मी पूर्वी रागवायचो. मग एकदा नाटकाच्या प्रयोगाला मी तापाने फणफणलो होतो, म्हणून त्याला मिक्सरवर बसवलं. दोन तास वीस मिनिटं. सात कॉर्डलेस माइक, एक्झिट-एन्ट्री प्रमाणे प्रत्येकाचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली-वर करायचा, नाहीतर विंगेतलं बोलणं हॉलमध्ये जातं. एकही माइक त्याने उशिरा उघडला नाही. मध्यंतरात चहा आणून दिला तर त्याने कपाकडे बघितलंसुद्धा नाही, दुसऱ्या अंकाचा कागद वाचत होता. या मुलाचं लक्ष आठ सेकंदांचं आहे असं मला कुणी सांगू नये.

सतारमेकर गल्लीत माझं येणं-जाणं आहे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. पण मला आवडतं ते दुपारी तिथे जाऊन बसायला. बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा तंबोऱ्याची जवारी काढतो, म्हणजे तारेचा झंकार जुळवतो. घोडीवरचं हाड कानशीने अगदी धुळीएवढं घासायचं, तार छेडायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, ऐकायचं, परत तार बाजूला घ्यायची, परत घासायचं. कुठे केसाएवढं जास्त गेलं तर सगळं पहिल्यापासून. एका तारेला तो तास-दीड तास घालवतो, चार तारा. त्याच्या खिशात फोन आहे. मधून मधून वाजतो. तो उचलत नाही, कारण फोनवर बोललं की कान बिघडतो आणि अर्धा तास जवारी कळत नाही, असं तो मला म्हणाला. कान परत जागेवर यायला वेळ लागतो हे त्या पोराला धंद्यातून कळलं आहे. आमच्या समितीला तेच समजावून सांगायचा मी प्रयत्न करतोय.

एक प्रसंग सांगतो आणि थांबतो. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी एका देवळाच्या पटांगणात गाणं होतं. उशीर होत होत दुसऱ्या सत्राची गायिका स्टेजवर बसली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी शांतपणे बिहाग मांडला. आधीचा बराच वेळ भाषणांत गेलेला, लोक कंटाळलेले, मागे पोरांची पळापळ, चहाच्या गाड्यापाशी घोळका. साडेनऊपर्यंत मला वाटत होतं की आज काही खरं नाही. त्यानंतर कधीतरी चहावाल्याने स्टोव्ह बंद केला, ते मला आवाजावरून कळलं. मैफल जमली होती. दहाला पाच कमी असताना हवालदार माझ्याजवळ येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, फक्त मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. द्रुत नुकताच सुरू झालेला. दहाच्या ठोक्याला मी मास्टर फेडर खाली ओढला. हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू.

बाईंनी वर बघितलं. त्यांना कळलं. तबलजींनी हात हलका केला, आणि त्या तशाच, माइकशिवाय, गात राहिल्या. मला वाटलं आता लोक उठतील. लोक उठले, पण पुढे आले. मागच्या रांगा उठून सतरंजीवर, स्टेजच्या पायऱ्यांवर, दीपमाळेच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. खुर्च्या हलवल्याचासुद्धा आवाज नाही, उचलून आणल्या. हवालदार टोपी काढून माझ्या सामानाच्या पेटीवर बसले. आवाज इतका बारीक येत होता की सगळे किंचित पुढे वाकून बसले होते. मागून मला एवढ्या पाठी एकदम पुढे वाकलेल्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत. वीस-बावीस मिनिटं हे चाललं. त्यात शाळेतली पोरं होती, उसाच्या ट्रॅक्टरवरचे लोक होते, हातात मोबाईल असलेले कितीतरी होते.

तर माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे. एका संध्याकाळी दोनच कलाकार बोलवा, पण त्यांना तास-सव्वा तास द्या. छापलेल्या वेळेला पहिला षड्ज लागू दे. सत्कार गाण्यानंतर करा, ज्यांना थांबायचं ते आनंदाने थांबतील. पहिली वीस मिनिटं हॉलची दारं उघडझाप करू नका. फोटोग्राफरला पहिल्या ख्यालात स्टेजसमोर फिरू देऊ नका. आणि ते घड्याळ कृपा करून लावू नका. कलाकाराने घड्याळाकडे बघितलं की समोरचे चारशे जण घड्याळाकडे बघतात, हे मी मागून बघितलेलं आहे.

रसिकांनाही एक विनंती. पहिल्या दहा मिनिटांत लक्ष लागलं नाही तर ‘आपल्याला आता जमत नाही’ असं समजून फोन काढू नका. कुणालाच पहिल्या दहा मिनिटांत जमत नाही, कॅसेटमधल्या त्या लोकांनाही जमलेलं नव्हतं. आणखी दहा मिनिटं बसा.

येत्या गुरुवारी समितीची पुन्हा बैठक आहे. १९९३ चा तो बागेश्री आणि गेल्या डिसेंबरातली एक फाइल, दोन्ही ऐकवायला मी घेऊन जाणार आहे. जुन्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल झाला होता, काल नवीन बसवला. चाळीस मिनिटं लागतील ऐकायला. मी समितीच्या सचिवांना आधीच सांगून ठेवलं आहे की मध्ये चहा आणू नका.

आपला नम्र,
एक ध्वनिव्यवस्थापक, मिरज